वासराची हगवण : आधी पाणी, मग औषध



स्मृतिव्याख्यानासाठी वासरांच्या हगवणीचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटले असेल. दुभत्या जनावरांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. कोणत्या वळूचे रेत वापरले, वेताला किती दूध निघाले, फॅट किती लागले, दर किती मिळाला, पेंडीचे भाव कुठवर गेले, हे सगळे चावडीवर आणि दूध संकलन केंद्रावर रोज निघते. गोठ्याच्या कोपऱ्यात आखूड दाव्याला बांधलेले आठ दिवसांचे वासरू या बोलण्यात क्वचितच येते. पहिल्या महिन्यात वासरे दगावण्याचे सर्वांत मोठे कारण पोटाचा आजार आहे, आणि हे केवळ आपल्याकडे नाही, जगभर आहे. असे वासरू दगावले की गोठ्यात एकच प्रश्न विचारला जातो: कोणते इंजेक्शन द्यायला हवे होते? हा प्रश्नच मुळात चुकीच्या जागी बोट ठेवतो, असे माझे म्हणणे आहे. हगवण लागलेल्या बहुतेक वासरांना जंतू थेट मारत नाही. अंगातले पाणी, मीठ आणि क्षार निघून जातात म्हणून ती मरतात. म्हणून त्यांच्या उपचाराची सुरुवात सुईने न होता पाण्याने व्हायला हवी, ती गोठ्यातच व्हायला हवी, आणि जो माणूस त्या वासराला रोज दूध पाजतो त्याच्याच हातून व्हायला हवी. आपल्याकडे हे काम बहुतेक ठिकाणी घरातल्या बाईकडे असते, हेही सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

हे म्हणणे पटायचे तर आतड्यात काय घडते ते आधी पाहावे लागेल. वासराच्या लहान आतड्याला आतून लाखो बारीक अंकुरांचे अस्तर असते आणि अन्नरस व पाणी शोषण्याचे काम या अंकुरांवरच्या पेशी करतात. पहिल्या चार-पाच दिवसांत ई. कोलाय या जीवाणूच्या काही विशिष्ट जाती आतड्याला चिकटून बसतात आणि विष सोडतात. त्या विषाने पेशी मरत नाहीत, पण उलटे काम करू लागतात: पाणी आत ओढण्याऐवजी बाहेर टाकतात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत रोटाव्हायरस, कोरोनाव्हायरस आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी यांचा जोर असतो. हे अंकुरांच्या शेंड्यावरच्या पेशीच खाऊन टाकतात, शोषण घटते, न पचलेले दूध मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि आणखी पाणी ओढून घेते. जंतू वेगवेगळे, वाटा वेगवेगळ्या, पण शेवट एकच होतो. शेणावाटे पाणी जाते, सोडियम जाते, पोटॅशियम जाते आणि रक्ताची आम्लता आटोक्यात ठेवणारे बायकार्बोनेट जाते. रक्त घट्ट होते, हातपाय गार पडतात, रक्तातली आम्लता वाढते. त्या आम्लतेमुळे पेशींतले पोटॅशियम रक्तात उतरते आणि अंगात पोटॅशियमचा तुटवडा असतानाच रक्तात ते इतके वाढते की हृदयाचे ठोके मंदावतात, चुकतात. मृत्यू येतो तो बहुधा इथून.

आता आजार ओळखण्याकडे वळू. आपण सगळे शेणाकडे पाहतो. पांढरी हगवण, पिवळी हगवण, हिरवी हगवण अशी नावे देतो आणि रंगावरून औषध ठरवतो. शेणाचा रंग वासराने काय प्यायले आणि ते किती वेगाने आतड्यातून गेले यावर पुष्कळ अवलंबून असतो, त्यावरून जंतू ओळखता येत नाही. जंतूचा अंदाज बांधायचा तर रंगापेक्षा वय जास्त उपयोगी पडते. रक्त किंवा आतड्याच्या अस्तराचे तुकडे दिसले तर मात्र ती महत्त्वाची खूण आहे. उपचाराची निकड ठरवायला शेण सोडून वासराकडे पाहावे लागते, आणि त्यासाठी कसलेही यंत्र लागत नाही.

डोळ्यापासून सुरुवात करावी. निरोगी वासराचे बुबुळ खोबणीत घट्ट बसलेले असते, खालची पापणी हलकेच ओढली तरी पापणी आणि डोळा यांत फट दिसत नाही. वजनाच्या सहा ते आठ टक्के पाणी गेले की दोन-चार मिलीमीटरची फट दिसू लागते, आठ-दहा टक्के गेले की ती आणखी रुंदावते. मग मानेच्या बाजूची कातडी चिमटीत धरून, पिळून सोडावी. निरोगी कातडी लगेच सपाट होते, दोन ते पाच सेकंद उभी राहिली तर पाणी कमी झाले आहे, पाच सेकंदांपेक्षा जास्त राहिली तर प्रकरण गंभीर आहे. त्यानंतर स्वच्छ धुतलेले बोट तोंडात घालावे. हिरड्या ओल्या आणि कोमट आहेत की चिकट आणि गार, ते कळते. त्याच वेळी वासरू बोट चोखते का, किती जोराने चोखते, हेही कळते. ही शेवटची परीक्षा मला सर्वांत मोलाची वाटते, कारण चोखण्याचा जोर पाण्यापेक्षा आम्लतेविषयी अधिक सांगतो. आठवड्यापेक्षा मोठ्या वासरांत अनेकदा डोळे फारसे खोल गेलेले नसतात, कातडीही ठीक वाटते, तरी वासरू झिंगल्यासारखे चालते, मागच्या पायांत लटपटते, बोट दिले तर नुसते चावत राहते. आतड्यात न पचलेल्या दुधावर वाढलेले जीवाणू एक वेगळ्या प्रकारचे लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि ते मेंदूवर परिणाम करते. पाणी कमी नाही म्हणून अशा वासराकडे दुर्लक्ष होते आणि दुसऱ्या दिवशी ते उठत नाही. शेवटी थर्मामीटर. वासराचे नेहमीचे तापमान १०१ ते १०३ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असते. त्याहून वर गेले तर संसर्ग अंगात पसरल्याची शंका घ्यावी, खाली गेले तर रक्ताभिसरण कोलमडत असल्याची, आणि खाली जाणे हे वर जाण्यापेक्षा जास्त वाईट.

आता उपचाराचा हिशोब मांडू. चाळीस किलोचे संकरित वासरू घ्या. त्याचे आठ टक्के पाणी गेले म्हणजे तीन लिटरांहून थोडे जास्त गेले. ते भरून काढायचे, दिवसभरात हगवणीतून आणखी किमान दोन लिटर जाणार तेही भरायचे, आणि जगण्यासाठी रोज लागणारे दोनेक लिटर निराळे. म्हणजे चोवीस तासांत सातएक लिटर पाणी त्या वासराच्या पोटात जायला हवे. आपल्याकडे सलाइन लावले की मालकाला हायसे वाटते. सलाइनची नेहमीची बाटली पाचशे मिलीलिटरची असते. एक बाटली लावून मोकळे झाले तर गरजेचा चौदावा हिस्सा भागला. शिवाय साध्या सलाइनमध्ये नुसते मीठ असते, रक्तातली आम्लता कमी करणारा क्षार त्यात नसतो. शिरेतून द्रव देण्याला माझा मुळीच विरोध नाही. जे वासरू आडवे पडले आहे, चोखत नाही, त्याला शिरेतूनच आणि बायकार्बोनेटसह, पुरेशा प्रमाणात द्रव मिळाला पाहिजे, आणि ते पशुवैद्यकाचेच काम आहे. पण वासरू अजून उभे आहे, चोखते आहे, तोवर सात लिटर आत जाण्याचा सर्वांत सोपा रस्ता त्याचे तोंड हाच आहे.

आतडेच बिघडलेले असताना तोंडाने दिलेले पाणी आत शोषले जाईल कसे, ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर विसाव्या शतकातल्या वैद्यकाच्या फार सुंदर शोधांपैकी एक आहे. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी असा सिद्धांत मांडला की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शिरतात; त्यांच्यामागून पाणी जाते. विषाने पेशी पाणी बाहेर टाकत असली तरी ही जोडीची वाट बहुतांशी उघडी राहते. विषाणूने शेंडे खाल्ले तरी अंकुरांच्या खालच्या भागात आणि आतड्याच्या न बिघडलेल्या भागांत ती चालू असते. या ज्ञानाची मोठी कसोटी आपल्याच उपखंडात लागली. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले. शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा अपुरा पडू लागला, तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. या कामगिरीत द्रावणाइतकेच महत्त्व नातेवाइकांच्या हातांना आहे. डॉक्टर एका वेळी किती जणांना सुई लावणार? आई, भाऊ, शेजारी मात्र रात्रभर वाटी वाटी पाजू शकतात. आपल्या गोठ्यांची स्थिती याहून वेगळी नाही. तालुक्यातले पशुवैद्यक दिवसाला ठरावीक गोठेच गाठू शकतात, आणि वासराची हगवण अनेकदा रात्रीच बळावते.

माणसासाठीचे द्रावण वासराला जसेच्या तसे चालत नाही. इथे एक बारकावा आहे, तो न समजल्यामुळे चांगल्या हेतूने नुकसान होते. लहान मुलाला आपण साखर-मीठ-पाणी देतो. वासराच्या आतड्यात मात्र साखर फोडणारे विकरच नसते. साधी साखर असो वा गूळ, तो न पचता पुढे जातो, आंबतो आणि हगवण वाढवतो. पेजेतला पिष्टमय भागही दोन-तीन आठवड्यांच्या आतल्या वासराला फारसा पचत नाही. म्हणून द्रावणात ग्लुकोजच हवे. वासराच्या रक्तातली आम्लताही तीव्र असते, त्यामुळे क्षाराचे प्रमाण जास्त लागते. वासरांसाठी बनवलेली तयार पाकिटे मिळत असतील तर उत्तमच, विशेषतः ज्यांत अॅसिटेट आहे अशी. नसतील तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात साडेतीन ग्रॅम मीठ, चार ग्रॅम खाण्याचा सोडा, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि वीस ग्रॅम ग्लुकोज हे प्रमाण वासराच्या गरजेच्या बरेच जवळ जाते. वजन काट्यावर करावे, चमच्याच्या अंदाजाने करू नये, कारण मीठ जास्त झाले तर तेही घातक आहे. चाळीस किलोच्या वासराला एका वेळी दीड-दोन लिटर, दिवसातून दोन-तीनदा. खिलार किंवा डांगीच्या वीस किलोच्या वासराला त्याच्या निम्मे. पाजताना बाटलीला चोखणी लावून पाजावे. बांबूच्या नळकांड्याने घशात ओतण्याची जुनी पद्धत सोडून दिली पाहिजे. मान वर करून ओतलेला द्रव श्वासनलिकेत जातो, वासराला ठसका लागतो आणि हगवणीतून वाचलेले वासरू फुफ्फुसाच्या दाहाने जाते. जे वासरू चोखतच नाही त्याच्या बाबतीत जबरदस्ती न करता पशुवैद्यकाला बोलवावे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सर्वांत रुजलेला आक्षेप दुधाचा. हगवण लागली की दूध तोडायचे, आतड्याला विश्रांती द्यायची, असे आजोबा-पणजोबांपासून चालत आले आहे आणि एके काळी पाठ्यपुस्तकेही तसेच सांगत. दूध दिले की शेण जास्त होते, हे निरीक्षण खोटे नाही. पण शेण कमी करणे हा उपचाराचा हेतू नाही. वासरू जगवणे आणि त्याचे वजन टिकवणे हा आहे. वरच्या द्रावणात ग्लुकोज असते ते सोडियमला वाट करून देण्यापुरते. दोन लिटरांत चाळीस ग्रॅम ग्लुकोज, त्यावर चाळीस किलोचे अंग दिवसभर कसे तगणार? नवजात वासराच्या अंगात चरबीचा साठा अत्यल्प असतो. दोन-तीन दिवस दूध बंद ठेवले तर थंडीच्या रात्री ते भुकेनेच गारठून मरू शकते. दूध चालू ठेवलेल्या आणि बंद केलेल्या वासरांची तुलना करणाऱ्या प्रयोगांतून हेच दिसले की दूध चालू ठेवल्याने हगवण लांबत नाही आणि वजनाची घट टळते. आतड्याचे अस्तर पुन्हा उगवायलाही पोषण लागते. तेव्हा दूध चालू ठेवावे, एका वेळी थोडे आणि जास्त वेळा. फक्त सोडा असलेले द्रावण आणि दूध एकत्र करू नये, कारण सोड्याने चौथ्या पोटात दुधाची गाठ बनण्यात अडथळा येतो. दोहोंत दोन-तीन तासांचे अंतर असावे. वासरू स्वतःहून दूध नाकारत असेल तर एखादी वेळ टळली म्हणून बिघडत नाही, पण चोवीस तासांच्या पुढे उपाशी ठेवू नये.

दुसरा आक्षेप प्रतिजैविकांचा. अनुभवी गोपालक म्हणतात, तीन दिवस इंजेक्शन दिले आणि वासरू उठले, आता तुम्ही काय सांगता? त्यांच्या अनुभवाला मी खोटे म्हणत नाही. पण रोटाव्हायरसची हगवण पाण्याने सावरलेल्या वासरात चार-सहा दिवसांत आपोआपच ओसरते, कारण आतड्याच्या पेशी काही दिवसांत नव्याने तयार होतात. तिसऱ्या दिवशी बरे झालेले वासरू इंजेक्शनने बरे झाले की इंजेक्शन चालू असताना बरे झाले, हे एका वासरावरून सांगता येत नाही. विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत, क्रिप्टोस्पोरिडियमवर नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत, आणि हे मिळून वासरांच्या हगवणीचा फार मोठा हिस्सा व्यापतात. तोंडाने दिलेली काही प्रतिजैविके तर आतड्याच्या शोषणक्रियेतच अडथळा आणतात आणि तिथले उपयुक्त जीवाणू मारतात. तरीही प्रतिजैविक कधीच देऊ नये, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. गंभीर आजारी वासरांपैकी सुमारे तीन-दशांशांत जीवाणू रक्तात शिरलेले आढळले आहेत. ज्याला ताप आहे, ज्याच्या शेणात रक्त आहे, ज्याची नाळ किंवा सांधे सुजले आहेत, जे मलूल होऊन चोखत नाही, विशेषतः जे पाच दिवसांच्या आतले आहे, त्याला प्रतिजैविक हवेच, आणि ते कोणते, किती दिवस, हे पशुवैद्यकाने ठरवावे. माझा विरोध आहे तो सरसकट वापराला. कोलिस्टिन हे माणसाच्या रोगांतले शेवटच्या फळीचे औषध अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरायला केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, ती वेळ अशा सरसकट वापरानेच आणली. गोठ्यातले शेण शेतात जाते, पाण्यात जाते, आणि औषधाला न जुमानणारे जीवाणू त्याबरोबर घरात येतात.

बेलफळ, डाळिंबाची साल, ताक, कात अशा घरगुती उपायांविषयी थोडक्यात बोलतो. यांतल्या तुरट पदार्थांनी शेण थोडे बांधले जात असेल, पण गेलेले पाणी आणि क्षार त्यांनी परत येत नाहीत. शेण आवळलेले दिसल्यामुळे पाणी पाजणे राहून जाते, हा त्यांचा खरा धोका. पोटावर डाग देण्याची प्रथा मात्र निव्वळ क्रूर आहे, आणि ती थांबलीच पाहिजे.

सगळी हगवण पाण्यानेच सुधारते असेही नाही. दोन अपवाद आपल्याकडे इतके सर्रास आढळतात की ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हशीच्या पारडांत, आणि गाईच्या वासरांतही, टॉक्सोकारा नावाचे लांब, जाड, पांढरे गोलकृमी होतात. त्यांच्या अळ्या आईच्या अंगात सुप्त पडून असतात, व्यायल्यावर दुधात उतरतात आणि पहिल्या दिवसांतच पारडाच्या पोटात जातात. तीन आठवड्यांच्या सुमारास पूर्ण वाढलेले जंत आतड्यात असतात. पोट सुटलेले, केस राठ, शेण मातकट आणि उग्र वासाचे, दूध पिऊनही अंग भरत नाही, अशी लक्षणे दिसतात. अशा पारडाला नुसते पाणी पाजत राहणे म्हणजे वेळ घालवणे. जन्मल्यावर दहा ते पंधरा दिवसांत पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे पहिले औषध द्यावे आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याच्या महिन्याला द्यावे. गोठ्यात पंढरपुरी किंवा नागपुरी म्हशी असतील तर हे पारडू आजारी पडण्याची वाट न पाहताच करावे. दुसरा अपवाद कॉक्सिडिया नावाच्या परजीवीचा. तीन आठवड्यांपुढच्या, ओल्या जागेत दाटीवाटीने बांधलेल्या वासरांत रक्तमिश्रित शेण, सतत कुंथणे, शेपूट बरबटलेले, असे दिसले तर त्याचे औषध वेगळे आहे. पाणी तिथेही लागतेच, पण एकटे पुरत नाही.

हगवण लागल्यावर करायच्या गोष्टी इतका वेळ सांगितल्या. ती मुळात होऊ नये यासाठी सर्वांत मोठी गोष्ट आहे चीक. गाय-म्हशीच्या वारेची रचना अशी असते की आईच्या रक्तातली प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोचत नाहीत. वासरू जन्मते ते जवळपास निःशस्त्र. १९२२ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी काही वासरांना चीक दिला, काहींना दिला नाही. ज्यांना मिळाला ती वाचली, ज्यांना मिळाला नाही त्यांतली बहुतेक दगावली. चिकातली प्रतिपिंडे न पचता अखंडपणे रक्तात जाऊ देणारी आतड्याची दारे जन्मल्यापासूनच मिटू लागतात आणि चोवीस तासांत जवळजवळ बंद होतात. म्हणून वजनाच्या दहा टक्के चीक, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत आणि उरलेला बारा तासांच्या आत, पोटात गेला पाहिजे. आपल्याकडे मात्र अनेक गावांत जार पडेपर्यंत चीक काढायचाच नाही, वासराला सडाला लावायचेच नाही, असा समज आहे. जार कधी चार तासांनी पडते, कधी बारा तासांनी, कधी अडकतेच. तोवर वासराचा सर्वांत मोलाचा वेळ निघून जातो. वासरू सडाला लागले की गाईच्या शरीरात जे संप्रेरक सुटते ते पान्हा तर आणतेच, शिवाय गर्भाशय आकुंचन पावून जार पडायलाही मदत होते. म्हणजे ज्या भीतीने आपण चीक रोखतो, ती भीती चीक पाजल्यानेच कमी होते.

चीक जड असतो, जास्त पाजला की वासराला हगवण लागते, हा याच्या जोडीचा समज. चीक किंचित सारक असतो आणि आतड्यातले पहिले काळे चिकट शेण बाहेर काढतो, एवढे खरे. त्या पातळ शेणात आणि हगवणीत फरक आहे: वासरू तरतरीत असते, चोखते, उड्या मारते. खरवसाचेही असेच. खरवस हा आपल्या घरांतला आनंदाचा पदार्थ आहे, शेजारीपाजारी वाटण्याची रीत चांगलीच आहे, आणि संकरित गाईला वासराच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त चीक येतो. पण पहिल्या दोहनाचा चीक सर्वांत घट्ट आणि प्रतिपिंडांनी सर्वांत समृद्ध असतो. त्यातला वासराचा वाटा आधी मोजून बाजूला काढावा, उरलेल्याचा खरवस करावा. देशी गाईला चीक बेताचाच येतो, तिथे खरवस दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा केला तरी चालेल.

आता सर्वांत अवघड आक्षेप, जो उघडपणे फारसा बोलला जात नाही. एवढे सगळे कशासाठी? कालवड असेल तर ठीक, गोऱ्ह्यासाठी किंवा रेडकासाठी कोण इतके करतो? शेती ट्रॅक्टरवर गेली, बैलाची गरज घटली, २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आली, तेव्हा नर वासरू सांभाळणे म्हणजे लिटर-दोन लिटर दूध रोज गमावणे, असा हिशोब छोटा गोपालक मांडतो. तो दुष्ट नाही, तो अडचणीत आहे, आणि त्याला उपदेश करून ही अडचण सुटत नाही. तरीही हिशोबाच्याच भाषेत त्याला दोन गोष्टी सांगता येतील. दुर्लक्षित नर वासराला हगवण लागली की त्याच्या एका दिवसाच्या शेणातून अब्जावधी विषाणू आणि परजीवींची अंडी गोठ्यात पसरतात आणि शेजारी बांधलेल्या कालवडीपर्यंत पोचतात. क्रिप्टोस्पोरिडियमची अंडी क्लोरिनलाही दाद देत नाहीत, आणि तोच परजीवी गोठ्यात वावरणाऱ्या लहान मुलांनाही हगवण लावतो. दुसरी गोष्ट म्हशी आणि देशी गाईंच्या मालकांना सांगायलाही नको. पारडू मेले की म्हैस पान्हा चोरते, मग ऑक्सिटोसिनच्या सुया सुरू होतात, वेत हातचे जाते. हिशोबाच्या पलीकडची गोष्टही मी बोलायची टाळणार नाही. तहानेने आणि आम्लतेने दोन दिवस कोपऱ्यात पडून मरणे हे यातनांचे मरण आहे. ते टाळायला मीठ, सोडा आणि ग्लुकोज लागते. आपल्या दारात जन्मलेल्या जिवाला एवढे देणे आपल्याला जड नाही.

म्हणून एक व्यवहार्य सूचना मांडतो. दूध संकलन केंद्रांवर आज पशुखाद्य मिळते, खनिज मिश्रण मिळते, जंतनाशके मिळतात. तिथेच वासरांसाठीच्या क्षार-ग्लुकोजच्या पाकिटांचा साठा असावा, आणि ती विकणाऱ्या माणसाला कातडीची चिमट आणि बोट चोखण्याची परीक्षा करून दाखवता यावी. यावर पशुवैद्यकांपैकी काहींचा आक्षेप मी समजू शकतो: पाकीट हाती आले की लोक पाण्यावरच भागवतील आणि आम्हाला उशिरा बोलावतील. आज उशिरा बोलावले जाते ते पाकीट नसतानाच. आणि बोलावणे येईपर्यंतच्या सहा-आठ तासांत ज्या वासराला चार लिटर द्रावण मिळाले आहे, त्याची शीर सापडणेसुद्धा सोपे असते. पण आक्षेपातली काळजी खरी आहे, म्हणून पाकिटावर कृतीखालीच ठळक मराठीत छापलेले असावे की पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर नुसते पाणी पाजत वाट न पाहता पशुवैद्यकाला कळवा: वासरू बोट चोखत नाही, उभे केले तरी उभे राहत नाही, तोंड गार लागते, शेणात रक्त आहे, ताप १०४ अंशांच्या वर आहे, किंवा दिवसभर पाजूनही डोळे तसेच खोल आहेत.